गिअर पडेना, पिकअप हलेना

दुबईतल्या मुहैस्नाहच्या दुसऱ्या भागाला मुहैस्नाह म्हणतो तो नकाशा. माणसं म्हणतात सोनापूर. कामगारांच्या वसाहती, त्यांना साइटवर नेणाऱ्या पांढऱ्या बसगाड्यांच्या रांगा आणि टाइल्स, पाइप, पाण्याच्या बाटल्या वाहणाऱ्या जुन्या पिकअप. चौथ्या भागात मॉल आहेत, शाळा आहेत, तिथं ऑटोमॅटिकचं राज्य. सोनापुरात अजून क्लच दाबला जातो. आणि पिकअप म्हातारी झाली की तक्रार ठरलेली: गिअर पडत नाही. शेजारच्या कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियात गाडी नेली की उस्ताद चावी हातात घेण्याआधीच निकाल देतो, “गिअरबॉक्स खोलना पडेगा.” दर वेळी पडतंच असं नाही.

इंजिन बंद, निदान सुरू

फुकटातली पहिली तपासणी. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि इंजिन चालू केल्यावर करकरतात, तर संशय गिअरबॉक्सवर कमी, क्लचवर जास्त. पाय पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाहीये. बहुतेक पिकअपमध्ये पेडल आणि क्लच यांच्यामध्ये तेलाची नळी असते, वरच्या टोकाला मास्टर सिलिंडर, खालच्या टोकाला स्लेव्ह. त्यातलं तेल म्हणजे ब्रेक ऑइलच, आणि त्याची खोड अशी की ते हवेतला दमटपणा शोषून घेतं. दुबईच्या किनारपट्टीवरच्या उन्हाळ्यात हवेत दमटपणाला तोटा नाही. सील झिजतात, नळीत हवा शिरते. पेडल दोन-तीनदा पटपट मारल्यावर गिअर पडत असेल तर चोर सापडलाच म्हणायचा. सील किट बदला, नळीतली हवा काढा, बॉक्स जागच्या जागी राहू द्या.

गिअर कधी सरकतच नाहीत

ऐकायला विचित्र वाटेल, पण आपण ‘तिसरा टाकला’ म्हणतो तेव्हा तिसऱ्या गिअरचं चाक हलतही नाही. पुढं जायच्या सगळ्या गिअरचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात. दांडी हलवते ती एक बाही. ती सरकून त्या गिअरला शाफ्टशी बांधते. करकर होते ती या बाहीच्या दातांची.

खरोखर चाकं सरकवून गिअर टाकायची कल्पना फ्रान्समधल्या पानार आणि लव्हासोर या जोडीची. १८९४ मध्ये पत्रकारांना ती दाखवायची वेळ आली आणि ऐनवेळी इंजिनच बिघडलं. बिचाऱ्यांनी फळ्यावर खडूनं चित्र काढून भागवलं, असं सांगतात. त्यानंतर तीसेक वर्षं ड्रायव्हर नावाचा प्राणी दोनदा क्लच मारत, कानानं वेग जुळवत गाडी हाकत होता. १९२८ मध्ये कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं: बाही अडकण्याआधी एक पितळी रिंग गिअरला घासून दोघांचा वेग सारखा करते. हे डोकं अर्ल थॉम्पसन यांचं. गंमत पुढंच आहे. १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये जो हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, त्या कामाचे म्होरकेही हेच थॉम्पसन. हातानं गिअर टाकणं सोपं करून देणाऱ्यानंच पुढं ते अनावश्यक करून टाकलं.

तर, एकाच गिअरला करकर, बाकी सगळे मऊ, म्हणजे त्या गिअरची पितळी रिंग झिजली. हे मात्र बॉक्स उघडूनच दुरुस्त होतं. तोवर दोनदा क्लच मारायची जुनी विद्या कामाला येते: क्लच, न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा क्लच, मग गिअर.

मोठा आकडा, भारी माल?

गिअर ऑइलमध्ये जीएल-५ हे जीएल-४ पेक्षा वरचढ, म्हणून तेच घाला, असा दुकानदारी सल्ला सर्रास मिळतो. जीएल-५ मुळात डिफरन्शिअलसाठीचं, म्हणजे मागच्या आसाच्या ‘भोपळ्यात’ घालायचं तेल. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं काही तेलांत पितळाला खातात, शिवाय जास्त निसरड्या तेलात सिंक्रो रिंगला पकडच मिळत नाही. पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च. माझ्या मते जुन्या पिकअपचे अर्धे हाल या एका डब्यानं होतात.

कान टवकारा

न्यूट्रलमध्ये इंजिन चालू. पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. उलट, दाबल्यावर आवाज थांबला तर क्लच शाफ्टचं बेअरिंग. तिसरी खूण फार थोड्यांना ठाऊक असते. पिकअपच्या जुन्या धाटणीच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये सहसा चौथा ‘डायरेक्ट’ असतो. त्यात इंजिनाचा जोर खालच्या लेशाफ्टकडे न वळता सरळ मागं जातो. बाकी सगळ्या गिअरमध्ये घरघर आणि चौथ्यात शांतता असेल, तर दुखणं लेशाफ्टचं.

दांडी डुलतेय

दांडी इतकी सैल की पहिला कुठं आणि तिसरा कुठं कळेना. जुन्या टोयोटा पिकअपचं हे खानदानी दुखणं. वरचा रबरी बूट उचला. फाटका असेल तर आत वाळूची भुकटी, ग्रीस वाळून काळं पडलेलं, आणि दांडीच्या बुंध्याशी एक प्लास्टिकची छोटी वाटी असते ती झिजून, तडकून, कधी कधी नुसते तुकडे उरलेले. दांडी वरूनच निघते, नवी वाटी बसते, थोडं ग्रीस, नवा बूट. किंमत किरकोळ, पण फरक असा की ड्रायव्हर गाडी बदलली का विचारतो.

उजवा हात, डावा हात

खेड-महाडकडून आलेल्या ड्रायव्हरचा डावा हात सुरुवातीला गिअर शोधत दरवाज्यावर आपटतो. दुबईत स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. पण खरा चकवा वेगळाच: गाडी आरशासारखी उलटी होत नाही. क्लच डावीकडेच राहतो आणि पहिला गिअरही दांडीच्या डावीकडेच राहतो. म्हणून कोकणात पहिला टाकताना दांडी स्वतःपासून दूर ढकलायची, दुबईत स्वतःकडे ओढायची.

रिव्हर्सची युक्ती

बऱ्याच जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतंच. गाडी थांबवा, क्लच दाबून आधी एक पुढचा गिअर टाका, मग रिव्हर्स. आतला फिरता शाफ्ट थांबतो, करकर संपते.

घाटातला पेपर

चढायचं त्याच गिअरनं उतरायचं, हा कशेडी-कुंभार्लीचा नियम. सोनापूर सपाट, त्यामुळे तिथं एक खोट कधी कळतच नाही. सामान भरून जबल जैस डोंगराचा उतार लागला, ॲक्सिलरेटर सोडला, की गिअर टुण्णकन न्यूट्रलला निसटतो. झिजलेली बाही, थकलेली स्प्रिंग, किंवा नुसतं सैल माउंटिंग. आधी माउंटिंग बघा, ते बाहेरूनच दिसतं. आणि दांडीवर हात टेकून गाडी चालवायची सवय सोडा. तो भार आत बाही सरकवणाऱ्या फोर्कवर जातो.

म्हातारीचं पुढं काय

या गाड्या चिवट असतात. ‘टॉप गिअर’ या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी २००३ मध्ये १९८८ची डिझेल हायलक्स समुद्रात बुडवली, इमारतीच्या माथ्यावर ठेवून इमारत पाडली, तरी ती सुरू झाली. पण चिवट म्हणून ती गावी नेता येत नाही: जुनी गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते.

मग बॉक्सच मेला तर शारजाचा जुन्या सुट्या भागांचा बाजार आहेच. तिथला बॉक्स घेताना तळाचा ड्रेन बोल्ट उघडायला लावा. तेलात पिवळी चमचम म्हणजे पितळी रिंगा गेलेल्या, भाव पाडून मागा. बोल्टच्या चुंबकाला काळा लेप चालतो. पोलादाचे तुकडे चिकटलेले दिसले तर पैसे खिशातच ठेवा आणि पुढच्या दुकानात चला.