शेजारी टांगलेली चित्रं

भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात काय येऊन पडत नाही? टायर, साबण, डायपर, मोबाइल, औषधं, लग्नाचे हार. मुंबईत जकात होती तेव्हा तिच्या हद्दीबाहेर माल ठेवणं व्यापाऱ्यांना परवडायचं. म्हणून ठाणे-भिवंडी रस्त्याकडेची भातशेती गेली आणि काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे असे गाळेच गाळे उभे राहिले. 1 जुलै 2017 ला जकात गेली, गाळे राहिले. त्यातल्याच एका गाळ्यात मी चित्रांच्या पेट्या बनवतो.

हा धंदा फार लोकांना ठाऊक नाही. चित्र एका शहरातून दुसऱ्या शहरात जातं तेव्हा त्याच्या मापाची लाकडी पेटी लागते. आतून फोम लावायचा. झाकण स्क्रूने बसवायचं, खिळे ठोकायचे नाहीत, कारण हातोडीच्या हादऱ्याने जुन्या तैलरंगाला तडा जाऊ शकतो. बबल रॅप रंगाला चिकटू द्यायचा नाही, मध्ये गुळगुळीत कागद हवा. पेटी टेम्पोत उभी ठेवायची. आणि निघण्याआधी चित्राचा कोपरान् कोपरा बघून कुठे ओरखडा आहे, कुठे पोपडा सुटलाय ते लिहून काढायचं. या शेवटच्या कामामुळे मला चित्रं बघायची सवय लागली. नाहीतर शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला बी ग्रेड, एवढाच माझा कलेशी संबंध.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी एका सामूहिक प्रदर्शनाचं काम आलं. मुंबई, पुणे, कोल्हापूर, बडोदा इथल्या चित्रकारांचं, सगळे क्वीअर. म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी अशा सगळ्यांना पोटात घेणारं हे नाव. विषय होता अभिमान आणि जवळीक. मला वाटलं, इंद्रधनुष्याचे झेंडे, मोर्चे, घोषणा असं काहीतरी असेल. उघडून बघतो तर झेंडा एकही नाही. स्वयंपाकघरात पाठमोरा उभा पुरुष आणि ओट्यावर दोन कप. आरशासमोर दाढी करणारी व्यक्ती, अंगात ब्लाऊज. दोन बायकांच्या जुन्या साड्यांची शिवलेली एक गोधडी. आणि शाईने काढलेलं एक छोटं चित्र, एकाच चादरीखाली झोपलेल्या दोघी.

ते चित्र माझा मदतनीस गुंडाळत होता. आजमगडचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. थांबला, नीट बघितलं आणि म्हणाला, “चाचा, दोनों बहुत थक गई हैं.”

त्याला दुसरं काही दिसण्याचं कारणच नव्हतं. भिवंडीत यंत्रमागावरचे कामगार पाळीपाळीने एकाच खोलीत झोपतात, एकाचा पाय दुसऱ्याच्या अंगावर असतो. पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाजारात फिरतात. जवळीक आमच्या डोळ्यांसमोर भरपूर आहे, फक्त तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. मग पेटीत ठेवायचा माहितीचा कागद त्याने मला वाचायला लावला. वाचून झाल्यावर बराच वेळ तो टेप लावत राहिला आणि मग विचारलं, “इनके घरवालों को पता है?”

हा प्रश्न चित्रकार भूपेन खख्खर यांनाही आयुष्याची बरीच वर्षं पुरला. खख्खर मुंबईचेच, 1934 साली खेतवाडीत जन्मलेले. शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. 1962 मध्ये बडोद्याला गेले, हिशेबाची नोकरी करत चित्रं काढत राहिले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी शिंपी, न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी माणसं रंगवली, पाटीसकट, हत्यारांसकट. भिवंडीच्या अंजूरफाट्याला उतरा, तीच दुकानं आजही दिसतील. आपण समलिंगी आहोत हे मात्र त्यांनी चित्रांतून उघड केलं ते आईच्या निधनानंतर, पंचेचाळिशी ओलांडल्यावर. 1981 च्या ‘यू कान्ट प्लीज ऑल’ या चित्रात एक नग्न माणूस गच्चीच्या कठड्याशी उभा आहे. खाली रस्त्यावर बाप, मुलगा आणि गाढव यांची आपल्या लहानपणची गोष्ट चालू आहे, सगळ्यांना खूश करायला जाऊन फजिती होणाऱ्यांची. माणसाची पाठ आपल्याकडे आहे. पुढच्याच वर्षी ‘टू मेन इन बनारस’ आलं. त्यात दोन नग्न पुरुष मिठीत आहेत, अगदी मोठे, आणि त्यांच्या मागे घाटावर लोकांची पूजाअर्चा शांतपणे चालू आहे. देशात तेव्हा 1860 सालच्या दंडसंहितेचं कलम 377 लागू होतं. दोन पुरुषांच्या शरीरसंबंधाबद्दल जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत होती.

आता जी गोष्ट सांगायला मी हे सगळं लिहितोय ती. 1981 मध्येच मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं सामूहिक प्रदर्शन झालं. सहा चित्रकार होते: खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी आणि आमच्या ठाण्याचे डॉ. सुधीर पटवर्धन, जे दिवसा क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करायचे. ते प्रदर्शन क्वीअर कलेचं नव्हतं. चित्रात पुन्हा माणसं आणायची, त्यांची जागा, त्यांचा रस्ता आणायचा, एवढाच त्याचा आग्रह. पण मला वाटतं खख्खरांना जे लागत होतं ते तिथे मिळालं. त्यांच्या माणसांच्या शेजारी पटवर्धनांचे कामगार, सुंदरमांचे मित्र, मलानींच्या बायका. सगळी माणसंच. असं चित्र एकटंच टांगलं की लोक त्याला कबुलीजबाब समजतात किंवा बातमी. शेजारी दुसरं लागलं की त्यातला निळा रंग दिसायला लागतो, हात नीट काढलाय की नाही ते दिसायला लागतं.

एकटं टांगलं की काय होतं त्याचा दाखला 2012 चा. दिल्लीत ललित कला अकादमीत बलबीर कृष्ण यांचं एकल प्रदर्शन होतं. रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेला, उत्तर प्रदेशातल्या खेड्यातून आलेला हा चित्रकार. जानेवारीत तोंड झाकलेल्या एकाने तिथे येऊन त्यांना धक्काबुक्की केली, चित्राची नासधूस केली. मार्चमध्ये त्याच शहरात सुनील गुप्ता यांचं छायाचित्रांचं प्रदर्शन कोणीतरी तक्रार केल्यावर बंद पडलं. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल लागू होता, म्हणजे समलिंगी संबंध हा कायद्याने गुन्हा नव्हता. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि 6 सप्टेंबर 2018 ला पुन्हा मोकळीक दिली. कायदा असा मागेपुढे होत असताना चित्रं मात्र पेट्यांतून जात-येत होती.

गुप्तांचं काम थोडं सावकाश बघण्यासारखं आहे. 1986-87 मध्ये त्यांनी दिल्लीतल्या समलिंगी पुरुषांची ‘एक्झाइल्स’ ही मालिका केली. इंडिया गेट, हुमायूनचा मकबरा, अशा सगळ्यांच्या ओळखीच्या जागा, पण माणसांचे चेहरे वळलेले किंवा कापलेले. वीस वर्षांनी ‘मिस्टर मल्होत्राज पार्टी’ ही दुसरी मालिका आली. दिल्लीत समलिंगींच्या पार्ट्या कोणा तरी काल्पनिक माणसाच्या नावावर खासगी म्हणून नोंदवायच्या, तिथून हे नाव. त्यात लोक भर रस्त्यात उभे आहेत आणि थेट कॅमेऱ्यात बघतायत. कोणी हसत नाही, कोणी हात वर करत नाही. अभिमान म्हणून मी जे काही पाहिलंय त्यात मला हेच सगळ्यात पटलं. मुंबईत 2008 पासून मोर्चा निघतो, तोही हवाच. पण मोर्च्यात माणूस तासभर असतो आणि फोटोत त्याला कायमचं राहावं लागतं.

तेजल शाह यांचं नाव महाराष्ट्रातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं असं आहे. मुंबईत काम करताना 2006 मध्ये त्यांनी हिजड्यांना त्यांची स्वप्नं विचारली आणि ती छायाचित्रांत उभी केली. एकीला आई व्हायचं होतं. तिला यशोदा केलं, मांडीवर कृष्ण, सगळी मांडणी राजा रविवर्म्याच्या चित्रासारखी. रविवर्म्याचा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला होता. तिथून निघालेले देव आपल्या आज्यांच्या देव्हाऱ्यात होते. त्यामुळे हे छायाचित्र बघताना परकं काही वाटत नाही, उलट हे आपल्याच घरातलं कॅलेंडर आहे असं वाटून माणूस गोंधळतो.

2024 च्या व्हेनिस बिनालेत, म्हणजे चित्रांच्या जगातल्या एका फार मोठ्या सामूहिक प्रदर्शनात, बंगळूरच्या अरवानी आर्ट प्रोजेक्टमधल्या पारलिंगी आणि इतर स्त्रियांनी मोठं भित्तिचित्र रंगवलं. तेवढ्यावर कौतुक संपवतो, कारण व्हेनिसला मी जाणार नाही आणि बहुतेक तुम्हीही नाही.

सामूहिक प्रदर्शनाचे तोटेही आहेत. एका चित्रकाराने गाळ्यात चहा पिताना मला ऐकवलं की तो सह्याद्रीचे कडे काढतो, फक्त कडे, आणि तरी सगळे त्याला त्याच्या प्रियकराबद्दल विचारतात. जून आला की गॅलऱ्यांना आणि कंपन्यांना अशी चित्रं आठवतात, जुलैत विसरतात. सगळ्यांना एकाच पेटीत कोंबलं की चित्रं एकमेकांवर घासतात, हे मी धंद्यातल्या अनुभवाने सांगतो. चांगलं प्रदर्शन मांडणारा दोन चित्रांत जागा सोडतो. या प्रदर्शनात कड्यांचं चित्र गोधडीच्या शेजारी लावलं होतं. का, ते कोणी लिहिलं नव्हतं, पण दोन्हीतल्या उभ्या रेषा एकच होत्या.

माझी तक्रार वेगळीच आहे. ही चित्रं वळातून मुंबईच्या काळा घोड्याला जातात, तिथून परत वळात येतात आणि शेजारच्या भिवंडीत कोणाला दिसत नाहीत. पटवर्धनांनी 2008-09 मध्ये आधुनिक चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमधून नेलं होतं. तसं पुन्हा कोणी केलं तर पेट्यांचे पैसे मी माफक घेईन.

प्रदर्शनानंतर परतीच्या वेळी विम्याची यादी करायची होती. प्रत्येक कलाकृतीपुढे किंमत लागते. खख्खरांचं ‘टू मेन इन बनारस’ 2019 मध्ये लंडनच्या लिलावात पंचवीस लाख पौंडांच्या वर गेलं, खख्खर गेल्यावर जवळपास सोळा वर्षांनी. आमच्या यादीत असली किंमत कशाचीच नव्हती. गोधडीपुढची जागा रिकामीच होती, म्हणून मी ती शिवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “किंमत नका लिहू काका, ती आम्ही रोज पांघरतो.” मी सांगितलं, विमावाले मोकळी जागा घेत नाहीत. मग एक रुपया लिहा म्हणाल्या. तेही घेत नाहीत. मागून दुसऱ्या बाईंचा आवाज आला, “वीस हजार सांग, माझी पैठणी गेलीय त्यात.” थोडी वादावादी झाली. शेवटी बारावर तडजोड झाली आणि मी पेटी बंद केली.