मोबाइलवरचं फॉरेक्स : पैसे टाकण्याआधी एवढं समजून घ्या



भवानी पेठेत संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेते तेव्हा मोठी मुलंही येऊन बसतात. कुणाला फॉर्म भरायचा असतो, कुणाला स्कॉलरशिपचं विचारायचं असतं. मागच्या महिन्यात टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा तेवीस वर्षांचा एक मुलगा आला आणि म्हणाला, "ताई, २१,६०० रुपये हवेत. आठ दिवसांत परत देतो."

कशाला हवेत, तर टॅक्स भरायला. त्यानं मोबाइल दाखवला. एका ॲपवर त्याच्या नावापुढे १,१२,००० रुपये दिसत होते. टाकलेले होते ४०,०००, आणि तेही त्याच्या आईनं बचत गटातून उचललेले. ७२,००० चा नफा झालाय, पण काढायचा असेल तर आधी त्यावर तीस टक्के टॅक्स भरा, असा मेसेज टेलिग्रामवरच्या 'सरां'नी पाठवला होता.

मी त्याला पैसे दिले नाहीत. त्याला राग आला. पण त्या दिवशी आम्ही दोघं वही घेऊन बसलो आणि फॉरेक्स म्हणजे काय ते पहिल्यापासून लिहून काढलं. तीच वही आज तुमच्यापुढे ठेवते, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही.

चलनाचा व्यवहार म्हणजे काय?

दोन देशांचा व्यापार झाला की चलन बदलावं लागतं. आपल्या सोलापुरातून टेरी टॉवेल परदेशात जातात. समजा एका कारखानदारानं १०,००० डॉलरचा माल पाठवला आणि पैसे तीन महिन्यांनी येणार आहेत. हिशेबासाठी डॉलर ९० रुपयांचा धरू. म्हणजे त्याला ९ लाख मिळायला हवेत. पण तीन महिन्यांत डॉलर ८७ वर आला तर ८ लाख ७० हजारच मिळतील. माल तोच, मजुरी तीच, ३०,००० रुपये मात्र गेले.

म्हणून तो बँकेत जाऊन आजच करार करतो : तीन महिन्यांनंतरचे माझे डॉलर ठरलेल्या भावानं घ्या. याला फॉरवर्ड म्हणतात. असाच ठरावीक मापाचा करार शेअर बाजारात झाला तर त्याला फ्युचर म्हणतात. आपल्याकडे २९ ऑगस्ट २००८ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे फ्युचर सुरू झाले. एक सौदा १,००० डॉलरचा. भाव दहा पैसे हलला की एका सौद्यामागे शंभर रुपये इकडचे तिकडे होतात.

चलनबाजाराचं मूळ काम हे, धोका कमी करणं. त्याच बाजारात भाव वर जाईल की खाली एवढ्याच अंदाजावर पैसे लावणारेही असतात. जगभरात या बाजाराची रोजची उलाढाल एप्रिल २०२२ मध्ये सुमारे साडेसात लाख कोटी डॉलर होती. यात मोठमोठ्या बँका, फंड आणि कंपन्या असतात. आपण मोबाइलवरून अंदाज लावतो तेव्हा समोर कोण बसलंय, हे आधी लक्षात घ्यावं.

पाच शब्द, जे कळलेच पाहिजेत

जोडी : चलन एकटं विकलं जात नाही. युरो-डॉलर १.१००० म्हणजे एका युरोला १.१० डॉलर. युरो घेतला म्हणजे त्याच वेळी डॉलर विकला.

पिप : भाव हलण्याचं लहान माप. बहुतेक जोड्यांत दशांश चिन्हानंतरचा चौथा आकडा. भाव १.१००० वरून १.१००१ झाला, म्हणजे एक पिप.

लॉट : सौद्याचं माप. पूर्ण लॉट १,००,००० युरोचा. त्यात एका पिपला दहा डॉलर. सूक्ष्म लॉट १,००० युरोचा, त्यात एका पिपला दहा सेंट.

स्प्रेड : घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातला फरक. 'आमच्याकडे कमिशन शून्य' म्हणणारे इथूनच कमावतात.

लिव्हरेज : सगळ्या दुखण्याचं मूळ हे आहे. थोडे पैसे ठेवून मोठा सौदा करायचा. ठेवलेल्या पैशाला मार्जिन म्हणतात.

आता हिशेब करू. तुमच्याकडे ९,००० रुपये आहेत, म्हणजे १०० डॉलर. ॲप म्हणतं, लिव्हरेज ५०० पट. म्हणजे तुम्ही ५०,००० डॉलरचा सौदा करू शकता. ऐकायला भारी वाटतं. पण ५०,००० डॉलरच्या सौद्यात भाव ०.२ टक्के उलटा गेला की १०० डॉलरचं नुकसान, म्हणजे तुमचं सगळं भांडवल साफ. युरो-डॉलरचा भाव दिवसभरात अर्धा टक्का हलणं ही नेहमीची गोष्ट आहे. शेवटी तुमचा अंदाज बरोबर ठरला तरी मधल्या हेलकाव्यात तुम्ही आधीच बाहेर फेकले गेलेले असता.

त्यात स्प्रेड दोन पिपचा धरा. एवढ्या मोठ्या सौद्यावर तो नऊ डॉलर होतो. म्हणजे सौदा करताक्षणी शंभरातले नऊ गेले, भाव अजून हललेलाही नाही.

आणखी एक हिशेब पाठ करून ठेवा. भांडवल ५० टक्के बुडालं तर पूर्वीच्या जागी यायला ५० टक्के नफा पुरत नाही, १०० टक्के लागतो.

युरोपच्या बाजार नियामकानं २०१८ मध्ये अशा लिव्हरेजच्या सौद्यांवर बंधनं आणली. तेव्हा त्यांनी सांगितलं की सामान्य ग्राहकांची ७४ ते ८९ टक्के खाती तोट्यात जातात. त्यांनी मोठ्या चलनजोड्यांसाठी लिव्हरेज ३० पटींवर आणलं. आपल्या पोरांच्या मोबाइलवर ५०० पट येतं, ते कुणाच्या नियमानं, हे विचारायलाच हवं.

कायदा काय सांगतो?

परकीय चलनाचे व्यवहार 'फेमा' कायदा, १९९९ खाली येतात. सोप्या भाषेत तीन गोष्टी.

एक, चलनाचा सौदा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिलेल्या बँकांशी, तिनं मान्यता दिलेल्या इलेक्ट्रॉनिक मंचांवर किंवा मान्यताप्राप्त शेअर बाजारातच करता येतो. बाहेरच्या ॲपवर सौदा करणाऱ्या माणसावरही कारवाई होऊ शकते. दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

दोन, 'माणूस वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर पाठवू शकतो, मग अडचण काय?' असं हे 'सर' सांगतात. ती योजना खरी आहे. शिक्षण, उपचार, प्रवास अशा कामांसाठी ती चालते. पण परदेशी बाजारात किंवा परदेशी दलालाकडे मार्जिन भरायला त्या योजनेतून पैसे पाठवता येत नाहीत. ही दुसरी बाजू ते सांगत नाहीत.

तीन, शेअर बाजारातले रुपयाचे सौदेही आता केवळ अंदाजासाठी नाहीत. ज्याला खरोखर परकीय चलनाची देणी-घेणी आहेत त्यानंच ते करावेत, ही अट रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केली आणि तो नियम ३ मे २०२४ पासून लागू झाला. ठरावीक मर्यादेपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण देणं-घेणं असावंच लागतं. टॉवेलच्या कारखानदाराला ते असतं. तिथं काम करणाऱ्या आपल्या मुलाला नसतं.

रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये परवानगी नसलेल्या मंचांची इशारा यादी काढली. तेव्हा तिच्यात ३४ नावं होती, नंतर ती वाढत गेली. पूर्वी क्रिकेटच्या संघाशी नाव जोडून जाहिरात केलेलं ऑक्टाएफएक्सही त्या यादीत आहे. यादी बँकेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे, असं समजू नका. बँकेनंच तसं बजावलं आहे. परवानगी असलेल्यांची यादी वेगळी असते, ती बघा.

आपल्याच वस्तीत हे का पसरतं?

समाजशास्त्र शिकताना आम्ही 'संधीची रचना' वाचायचो. पेठेत काम करताना ती दिसते. पदवी आहे, नोकरी नाही. यंत्रमागावरचा पगार घरात पुरत नाही. आई विड्या वळते. सरकारी भरतीची तारीख पुढे ढकलली जाते. अशा वेळी रात्री अकरा वाजता मोबाइलवर एखादा आपल्यासारखाच पोरगा गाडीला टेकून सांगतो, 'मीपण झोपडपट्टीतलाच होतो.' त्याचं म्हणणं खरं वाटावं अशीच आपली परिस्थिती आहे. म्हणून फसलेल्या मुलाला मी 'हावरट' म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.

हे फक्त बेकायदा ॲपपुरतंही नाही. सेबीनं २०२४ मध्ये शेअर बाजारातल्या फ्युचर आणि ऑप्शनचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा बाजार कायदेशीर, नियमांखालचा. तिथंही तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक सौदेकरी तोट्यात गेले आणि तोटा सरासरी दोन लाखांच्या घरात होता. २०२३-२४ मध्ये त्यांतल्या ४३ टक्के लोकांचं वय तिशीच्या आत होतं आणि तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचं जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांपेक्षा कमी होतं. तरुण आणि कमी उत्पन्नाचा, म्हणजे आपलाच माणूस.

फसवणुकीची रीत ठरलेली असते. आधी थोडे पैसे टाकायला लावतात आणि हजार-दोन हजार खरोखर परत देतात. विश्वास बसला की मोठी रक्कम मागतात. पैसे दरवेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर किंवा यूपीआयवर जातात. पडद्यावरचा नफा हा नुसता आकडा असतो. काढायला गेलं की टॅक्स, शुल्क, 'खातं अनलॉक' अशी मागणी सुरू होते. लक्षात ठेवा, सरकारचा कर कुणा 'सरां'च्या यूपीआयवर भरला जात नाही.

आणि सगळ्यात धोक्याचं : 'तुझं बँक खातं दे, महिन्याला पाच हजार देतो.' त्या खात्यातून दुसऱ्या फसलेल्यांचे पैसे फिरतात. पोलीस आधी पोचतात ते खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात. भरतीची तयारी करणाऱ्या मुलावर गुन्हा दाखल झाला तर पुढचं सगळं अडकतं.

रुपयाचा प्रश्न आपला आहेच

मग चलनाचा विषय सोडून द्यायचा का? मुळीच नाही. या विषयावर डॉक्टरेट करणारा माणूस आपल्या घरातला आहे. बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपानं आला. रुपया सोन्याशी कसा जोडावा यावर केन्स यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांच्या मताला त्यांनी त्यात आव्हान दिलं. प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅनन यांनाही त्यांची सगळी मतं मान्य नव्हती, तरी त्यांनी प्रस्तावना लिहिली.

१९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स ठेवावा की सहा पेन्स, असा वाद तेव्हा चालू होता. रुपया स्वस्त ठेवा, व्यापार वाढेल, असं एक मत होतं. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं : त्यातला फायदा बाहेरून देशात येत नाही, देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. महागाई आधी वाढते, मजुरी मागून वाढते. या आयोगानं १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

डॉलर वाढला की आजही हेच विचारायचं : निर्यातदाराला जास्त रुपये मिळाले, त्यातले मागावरच्या कामगाराला किती मिळाले? तेल महागलं, रिक्षाचं भाडं वाढलं, ते कुणी भरलं? आणि '१९४७ ला एक डॉलर एका रुपयाला होता' हा मेसेज पुढे पाठवू नका. तो खोटा आहे. तेव्हा डॉलरला तीन रुपयांहून जास्त पडत होते. ६ जून १९६६ च्या अवमूल्यनात तो ४.७६ वरून ७.५० रुपये झाला.

शिकायचं असेल तर

एफबीआयएल ही संस्था डॉलर, युरो, पौंड आणि येनचा संदर्भ दर जाहीर करते. तो तीन महिने रोज वहीत लिहा, शेजारी त्या दिवशीची मोठी बातमी लिहा. उद्याचा अंदाज लिहा आणि दुसऱ्या दिवशी तपासा. एक रुपयाही न लावता स्वतःचा अंदाज किती चुकतो ते कळेल.

त्यातून गोडी लागली तर एनआयएसएमची चलन डेरिव्हेटिव्हवरची परीक्षा आहे. वाणिज्य शाखेच्या मुलांनी निर्यातीची कागदपत्रं, लेटर ऑफ क्रेडिट, बँकेचा परकीय चलन विभाग यांचं काम शिकावं. या ज्ञानाला पगार मिळतो.

आणि फसला असाल तर लाजू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेला कळवा. पहिले काही तास महत्त्वाचे, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. मेसेज आणि पावत्या पुसू नका.

व्यग्घपज्ज सुत्तात तथागतांनी गृहस्थाला चार गोष्टी सांगितल्या : कष्टानं मिळवणं, मिळवलेलं जपणं, चांगल्या मित्रांची संगत, आणि मिळकतीला धरून जगणं. संपत्ती वाहून जाण्याच्या वाटांमध्ये तिथे जुगार आणि वाईट संगत दोन्ही आहेत. टेलिग्रामवरचा 'सर' कोणत्या खान्यात बसतो ते तुम्हीच ठरवा.

त्या मुलाची तक्रार आम्ही त्याच संध्याकाळी नोंदवली. ४०,००० अजून परत आलेले नाहीत, येतील याची खात्री मी देत नाही. बचत गटाचा हप्ता तो पगारातून भरतोय. २१,६०० मात्र वाचले. आता तो अभ्यासाच्या वेळी रोजचा दर फळ्यावर लिहितो आणि नव्या मुलांना लिव्हरेजचा हिशेब स्वतः समजावून सांगतो. माझ्यापेक्षा त्याचं ती जास्त ऐकतात.

जय भीम, नमो बुद्धाय.