सीमेच्या आतला परदेश

नांदेड-लातूरच्या मध्यमवर्गीय घरांत मुलगा आणि सून परदेशी गेल्याची वार्ता अभिमानाने सांगितली जाते. ‘लातूर पॅटर्न’च्या या मुलखात डॉक्टर होणे आणि दूर जाणे हे जणू एकाच वाटेचे दोन टप्पे. अर्थशास्त्राला हा व्यवहार सहज उमगतो: परका मुलूख, परकी भाषा आणि त्या बदल्यात वाढीव वेतन.

डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने उलटा व्यवहार केला. शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण आणि भूलतज्ज्ञाचा व्यवसाय मागे टाकून ती दोघे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकशाच्या अरण्यात गेली. तेथे डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. रस्ता नाही, वीज नाही आणि माडिया गोंडांशी बोलावयास भाषाही नाही. रोगी प्रथम फिरकेनात. दोघे माडिया भाषा शिकली, उपचारांचा गुण दिसू लागला, तसा विश्वास बसत गेला.

सोडलेल्या वेतनाचा संधी-खर्च मोजता येतो. या विश्वासाचे मोल कोणत्याही ताळेबंदात मावत नाही. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार ही त्याची उशिरा झालेली नोंद होय.

परदेशी जाणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु गुणवंत विद्यार्थ्यापुढे आपण शिक्षकांनी दोन्ही वाटांचा हिशेब मांडावयास हवा. आज आपण एकाच वाटेचा मांडतो.