सिरॅमिक अनुनादकाच्या आंदोलकाचा आरंभ

सूक्ष्मनियंत्रकास वीजपुरवठा मिळताच त्याचे घड्याळ चालू होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पुरवठा मिळणे आणि आंदोलन स्थिरावणे यांमध्ये काही काळ जातो. हा काळ कशावर अवलंबून असतो, याचा उलगडा झाल्याखेरीज मंडलाच्या विश्वसनीयतेविषयी निर्णय देता येत नाही.

सिरॅमिक अनुनादक सामान्यतः लेड झिर्कोनेट टिटॅनेट या दाबविद्युत् पदार्थाचा असतो. सूक्ष्मनियंत्रकातील व्यत्यासी प्रवर्धकाच्या आदान व प्रदान टोकांमध्ये तो जोडतात, आणि प्रत्येक टोकापासून भूमीकडे एकेक धारित्र देतात. प्रवर्धकामुळे १८० अंशांचे कलांतर घडते. उरलेले १८० अंश अनुनादक व धारित्रे मिळून पुरे करतात. त्यासाठी अनुनादकास प्रवर्तक वेटोळ्याप्रमाणे वागावे लागते.

मंडलातील औष्णिक गोंगाट आणि पुरवठा चढताना बसणारा धक्का हे आंदोलनाचे बीज होय. प्रवर्धकाकडून मिळणारा ऋण रोध अनुनादकाच्या स्वतःच्या रोधापेक्षा अधिक असेल, तरच हे बीज घातांकी रीतीने वाढते. प्रवर्तकत्वाच्या दुपटीस या दोन रोधांच्या फरकाने भागले असता वाढीचा कालांक मिळतो. अखेरीस प्रवर्धकाची मर्यादा गाठली जाऊन परमप्रसर स्थिर होतो.

समजा, ८ मेगॅहर्ट्झच्या सिरॅमिक अनुनादकाचा गुणवत्ता गुणांक १,००० आहे आणि ऋण रोध त्याच्या रोधाच्या पाचपट आहे. अशा वेळी कालांक सुमारे १० मायक्रोसेकंद येतो. एका मायक्रोव्होल्टपासून एका व्होल्टपर्यंत वाढ होण्यास सुमारे १४ कालांक, म्हणजे १४० मायक्रोसेकंद लागतात. ५०,००० गुणांकाच्या क्वॉर्ट्झ स्फटिकास याच अटींवर ७ मिलिसेकंद लागतील. गुणांकाचे जे अल्पत्व एरवी उणीव मानले जाते, तेच येथे शीघ्र आरंभास कारण होते.

बीज दसपट मोठे झाले तरी केवळ २.३ कालांकांची बचत होते. याउलट रोधांचे गुणोत्तर ५ वरून १.५ वर आले, तर कालांकच आठपट होतो. ते १ वर आल्यास आंदोलन सुरूच होत नाही. स्थूलमानाने ऋण रोध दोन्ही धारितांच्या गुणाकाराशी व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून दोन्ही धारित्रे दुप्पट केली, तर पाचाचे गुणोत्तर सव्वावर येते. उच्च तापमानात वा अल्प दाबावर प्रवर्धकाची संवाहकता घटली, तर एवढेही उरत नाही. प्रयोगशाळेत निर्दोष ठरलेले मंडल प्रत्यक्ष वापरात मुके राहते, त्याचे एक कारण हे होय.

आंदोलन स्थिरावेपर्यंत गणनयंत्रणा थांबवून ठेवण्याची सोय सूक्ष्मनियंत्रकात असते. एटीमेगा३२८पी मध्ये सिरॅमिक अनुनादकासाठी २५८ किंवा १,०२४ आवर्तनांचा विलंब निवडता येतो; क्वॉर्ट्झसाठी १६,३८४ आवर्तनांचा पर्याय आहे. तथापि, ही मोजणी आंदोलकाच्याच स्पंदांची असते. स्पंदच उमटले नाहीत, तर मोजणीही होत नाही. मग विलंब कितीही मोठा निवडलेला असो.

यास्तव मंडलाची खरी परीक्षा ऋण रोधाच्या मापनात आहे. अनुनादकाशी एकसर जोडलेला रोध क्रमाने वाढवीत जावे. ज्या मूल्यापर्यंत आरंभ होतो, त्यात अनुनादकाचा रोध मिळविला की ऋण रोध मिळतो. तो अनुनादकाच्या रोधाच्या पाचपट तरी असावा, असा व्यवहारातील दंडक आहे. मापनशलाका मात्र थेट अनुनादकावर टेकवू नये. तिची सुमारे १० पिकोफॅरड धारिता मंडलाची स्थितीच पालटते, आणि जे पाहावयाचे तेच बदलून जाते.