डाव कधी संपणार, हे आधी ठरवा

दिवाळीच्या सुट्टीत तीन पत्तीचे फड बसतात, गणपतीत जागरणाला रमी रंगते. अलीकडे शहरांतल्या मित्रमंडळींत त्यात पोकरची भर पडली आहे. ‘शनिवारी आठ जण जमू, छोटी स्पर्धा घेऊ’ असा निरोप जातो, जेवण ठरतं, चिप्सची पेटी मागवली जाते. फक्त खेळ किती वाजता थांबणार, हे कुणी ठरवत नाही. आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

स्पर्धा किती वेळ चालणार, हे ‘ब्लाइंड’वर अवलंबून असतं. प्रत्येक डावात पत्ते पाहण्याआधी दोन खेळाडूंना सक्तीने चिप्स मध्ये टाकाव्या लागतात. एकाला लहान ब्लाइंड, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट. हे ब्लाइंड ठरावीक मिनिटांनी वाढवत न्यायचे. ढोबळ हिशेब असा की, मोठा ब्लाइंड टेबलावरच्या एकूण चिप्सच्या विसाव्या हिश्शाइतका झाला की स्पर्धा बहुधा निकालात निघते. आठ जणांना प्रत्येकी ३,००० मूल्याच्या चिप्स दिल्या, तर एकूण २४,०००. म्हणजे मोठा ब्लाइंड १,२०० होईल त्या सुमारास. सुरुवात २५-५० पासून करायची, पुढे ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ४००-८०० आणि ६००-१,२००. नऊ पायऱ्या, प्रत्येकी १५ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास. मधली जेवणाची सुट्टी धरली तरी आठला बसलेली मंडळी अकराच्या सुमारास उठतात. हीच पायरी ३० मिनिटांची केली की साडेबारा नुसत्या खेळातच वाजतात.

मग बिघडलं कुठे? झोपेत. २०११ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठ आणि सिंगापूरमधल्या संशोधकांनी निरोगी तरुणांना रात्रभर जागं ठेवून त्यांच्यापुढे पैशांच्या पैजांचे पर्याय ठेवले. जागरणानंतर त्यांचा कल नुकसान टाळण्याकडून फायदा वाढवण्याकडे झुकला. रात्री नऊला जो माणूस बेताचे पत्ते निमूट टाकून देतो, तोच पहाटे तीनला ‘बघू तरी’ म्हणत सगळ्या चिप्स पुढे सरकवतो. सोबत मद्य असेल, तर विचारायलाच नको.

दुसरा सापळा थोडक्यात हुकण्याचा. केंब्रिज विद्यापीठातले ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की, जुगाराच्या यंत्रासारख्या खेळात थोडक्यात हुकलेला डाव मेंदूतल्या जिंकल्यावर जाग्या होणाऱ्या भागांनाच चाळवतो. खेळणाऱ्याला तो डाव आवडत नाही, तरी पुन्हा खेळावंसं मात्र वाटतं. पोकरमध्ये शेवटच्या पत्त्यावर हुकलेला फ्लश घरोघरी आठवडाभर सांगितला जातो, तो उगाच नाही. वास्तविक पुढच्या डावाला मागचा डाव ठाऊक नसतो. हातात दोन एक्के येण्याची शक्यता प्रत्येक वेळी २२१ मध्ये एक; रात्रभर आले नाहीत म्हणून ती वाढत नाही. अट एवढीच, पत्ते नीट पिसलेले हवेत. दोन भाग करून एकमेकांत सोडण्याच्या पद्धतीने साधारण सात वेळा पिसावेत, असं डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांचं १९९२चं उत्तर आहे. आपल्याकडे दोनदा पिसून ‘काट रे’ म्हणायची सवय आहे!

म्हणूनच यजमानाने एका नियमावर ठाम राहावं : चिप्स संपल्या की खेळाडू बाद, पुन्हा भरून परत येणं नाही. हरलेलं भरून काढण्यासाठी परत खेळणं हे जुगाराच्या विकाराचं ठळक लक्षण आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये हा विकार दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात नेऊन ठेवला. प्रवेशाला पैसे नकोतच. कुकर किंवा मिठाईचा डबा बक्षीस ठेवला तरी ईर्षा कमी होत नाही. पैशांवर खेळवून यजमानाने स्वतःचा वाटा काढला, तर राज्याच्या १८८७च्या जुगारबंदी कायद्याने घराचाच अड्डा ठरू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणल्यानंतर मोबाइलवरचे काही जण घरच्या बैठकीकडे वळणं स्वाभाविक आहे, तेव्हा निमंत्रणाची यादीही जरा पाहून करावी.

उसने मागून खेळणारा, किती हरलो ते बायकोपासून लपवणारा, खेळ थांबला की चिडणारा कुणी मंडळींत असेल, तर त्याला टेबलावर बोलावून ‘जरा मन रमेल’ म्हणणं ही मदत नव्हे. त्याच्याशी बाजूला, दिवसाउजेडी बोलावं. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं, आणि तिथे घरच्यांनाही फोन करता येतो.

बाकी व्यवस्था सोपी आहे. दर चार पायऱ्यांनी दहा मिनिटं सगळ्यांनी उभं राहायचं, पाणी प्यायचं, गच्चीवर एक फेरी मारायची. पहिला बाद झालेला पावणेनऊलाच कंटाळून मोबाइल काढतो. त्याच्या हाती कॅट द्यावा आणि पिसायचं, वाटायचं, घड्याळाकडे बघायचं काम त्याच्याकडे सोपवावं.