पाटी बदलण्याआधी

वराळ्याहून इंद्रायणी ओलांडून आंबीच्या बाजूला गेलं की तळेगाव एमआयडीसी सुरू होते. इथल्या एका मोठ्या कारखान्यावर 2008 साली जनरल मोटर्सची पाटी लागली आणि शेवर्लेच्या स्पार्क, बीट या गाड्या इथून बाहेर पडू लागल्या. 2017 च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं बंद केलं. परदेशासाठी गाड्या बनत राहिल्या, डिसेंबर 2020 मध्ये तेही थांबलं. आज त्याच आवारात ह्युंदाईची व्हेन्यू बनते, 2025 पासून. मधली जवळजवळ पाच वर्षं कारखाना मुका होता, पण कागद चालू होते. वकील म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट आणि शिवाजीनगरचं कोर्ट येतं. या पाच वर्षांतलं बरंचसं काम मात्र कोर्टाची पायरी न चढता, टेबलाशी बसून मसुदे खोडणाऱ्या वकिलांचं होतं. उद्योगांच्या भाषेत कॉर्पोरेट लॉयर. मावळात आता हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो, पण हा माणूस नेमकं करतो काय, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

जनरल मोटर्स आणि ह्युंदाई यांच्या मध्ये एक तिसरं नाव होतं, ज्याची पाटी कधी लागलीच नाही. चीनची ग्रेट वॉल मोटर्स. जानेवारी 2020 मध्ये कारखाना घेण्याचं ठरलं, वर्तमानपत्रांत फोटो आले. 17 एप्रिल 2020 रोजी केंद्र सरकारने ‘प्रेस नोट 3’ काढली: भारताच्या जमिनीच्या सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी सरकारची परवानगी हवी. ती परवानगी शेवटपर्यंत मिळाली नाही आणि 2022 च्या मध्यावर सौदा संपला. दोन्ही बाजू हात झटकून बाजूला झाल्या.

हे हात झटकून बाजूला होणं आपोआप घडत नाही. मोठ्या सौद्यात सही आधी होते आणि ताबा-पैसा नंतर केव्हातरी. त्या नंतरच्या टप्प्याला क्लोजिंग म्हणतात. मधल्या काळासाठी अटींची यादी असते: अमुक परवानग्या आल्या तरच व्यवहार पुरा, आणि अमुक तारखेपर्यंत आल्या नाहीत तर कुणीही बाहेर पडावं. वकिलांच्या तोंडी या अटींचं नाव ‘सीपी’, म्हणजे कंडिशन्स प्रीसिडंट. व्यवहार सुरळीत पार पडला तर हे कलम पुन्हा कुणी उघडून पाहत नाही. एप्रिल 2020 सारखी एखादी नोट निघाली की मात्र सगळे आधी तेच पान काढतात. सरकार काय करील हे वकिलाला सांगता येत नाही. सरकारने काही केलं तर अनामत कुणाची, खर्च कुणाचा आणि तोवर कारखान्याची राखण कुणी करायची, एवढं तो लिहून ठेवू शकतो.

ह्युंदाईने मार्च 2023 मध्ये प्राथमिक अटींवर सही केली आणि ऑगस्ट 2023 मध्ये खरेदीचा करार केला. करारात काय होतं हे पाहण्यासारखं आहे: जमीन, इमारती आणि ठरावीक यंत्रसामग्री. म्हणजे जनरल मोटर्सची भारतातली कंपनी घेतली नाही, तिची मालमत्ता घेतली. धंदा विकत घ्यायला आलेल्या माणसाला चांगला वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: तुम्हाला कंपनी हवी आहे की कारखाना? कंपनीचे शेअर घेतले तर परवाने, करार, वीजजोड सगळं जागच्या जागी राहतं, पण जुन्या करांच्या नोटिसा, गाडीतल्या दोषांचे दावे आणि चालू खटलेही पदरात पडतात. मालमत्ता घेतली तर जुनी देणी बहुतांश विकणाऱ्याकडे राहतात. मग फॅक्टरी लायसन्स नवं, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती नवी, आणि जमिनीच्या हस्तांतरावर मुद्रांक शुल्क वेगळं. यात बरोबर उत्तर असं नसतं. ग्राहकाला कोणती डोकेदुखी परवडते एवढाच हिशेब असतो.

शिवाय एमआयडीसीतली जमीन ‘विकत’ मिळते हा एक गोड गैरसमज आहे. ती सर्वसाधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. पट्टा दुसऱ्याच्या नावे करायचा तर महामंडळाची संमती लागते, हस्तांतर शुल्क भरावं लागतं आणि पट्ट्यातल्या बांधकामाच्या, वापराच्या अटी नव्या माणसालाही लागू होतात. तळेगावात तर कामगारांचा प्रश्नही होता. शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायला त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार सरकारची परवानगी लागायची. कामगार संघटनेने या बंदीविरुद्ध लढा दिला, प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलं. खरेदीदाराचा वकील ही बाब ‘विकणाऱ्याची अडचण’ म्हणून बाजूला ठेवू शकत नाही. फाटकाबाहेर बसलेली माणसं कोणत्या कंपनीच्या हजेरीपटावर होती, हे उद्याच्या वर्तमानपत्राला महत्त्वाचं वाटत नाही.

हे वकील येतात कुठून? परंपरा मुंबईची. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत कित्येक दशकं दोन जाती होत्या: कोर्टात उभा राहणारा अॅडव्होकेट आणि ग्राहकाशी बोलून कागद तयार करणारा सॉलिसिटर. क्रॉफर्ड बेली, लिटल अँड कंपनी, मुल्ला अँड मुल्ला ही फोर्टातली नावं त्या काळातली. यातले दिनशा मुल्ला पुढे 1930 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलवर गेले, पण आज त्यांचं नाव टिकलं आहे ते दिवाणी प्रक्रिया संहिता आणि मालमत्ता हस्तांतर कायद्यावरच्या ग्रंथांमुळे. वडगाव मावळच्या वकिलालाही ‘मुल्ला काय म्हणतो’ ते बघावं लागतं. ही दुहेरी पद्धत 1977 पासून कायद्याने संपली. तरी मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा आजही आहे, त्याआधी तीन वर्षांची आर्टिकलशिपही. पुण्याकडून या व्यवसायात येणाऱ्यांची एक वाट इंडियन लॉ सोसायटीच्या 1924 सालच्या कॉलेजातून जाते; ज्याच्यावरून आपण त्या रस्त्याला लॉ कॉलेज रोड म्हणतो तेच हे कॉलेज. आता बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम करून थेट मोठ्या फर्मच्या काचेच्या ऑफिसात गेलेली मुलंही पुष्कळ. त्यांच्यातल्या काहींनी न्यायाधीशासमोर कधी ‘मिलॉर्ड’ म्हटलेलं नसतं. मला हे थोडं खटकतं. करार मोडल्यावर कोर्टात त्याची काय लक्तरं होतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला माणूस मसुदा वेगळा लिहितो.

कोर्टात न जाता केलेली वकिली ही वकिलीच का, हा वादही मुंबईतच निकाली निघाला. परदेशी फर्मच्या इथल्या कार्यालयांविरुद्ध ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने दाखल केलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये सांगितलं की सल्ला आणि मसुदे हेही वकिलीच आहे, त्यामुळे इथली सनद हवी. गंमत अशी की कंपनीत पूर्णवेळ पगारावर रुजू होणाऱ्या वकिलाला बार कौन्सिलच्या नियमानुसार सनद स्थगित ठेवावी लागते. आणि जाहिरात कुणालाच करता येत नाही. म्हणून हायवेवर हॉस्पिटलचे, क्लासचे, बिल्डरचे फलक दिसतात, वकिलाचा दिसत नाही. त्याच्याकडे जायचं ते कुणीतरी सांगितलं म्हणून.

मावळातल्या बहुतेक धंदेवाल्यांचा संबंध शेकडो कोटींच्या सौद्याशी नाही. तो आहे परचेस ऑर्डरशी. तळेगाव-चाकण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्रेस शॉप, फॅब्रिकेशन, पॅकिंगची युनिटं आहेत. मोठी कंपनी पीओ पाठवते, पहिल्या पानावर दर आणि नग, मागे बारीक टायपात अटी. आपला माणूस पहिलं पान वाचतो. त्याच्या स्वतःच्या बिलाखाली ‘सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात’ असं छापलेलं असतं आणि तो निर्धास्त असतो. पण पीओच्या मागे लिहिलेलं असतं की वाद लवादाकडे, जागा चेन्नई किंवा गुरुग्राम, आणि लवाद नेमणार कंपनीचे संचालक. तिथली सही-शिक्का केलेली प्रत फाइलला असेल तर बिलाखालच्या ओळीला फारसं वजन उरत नाही. यातला एक फास सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालात सैल केला: ज्याचं हित वादात गुंतलंय त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही. चेन्नईचं तिकीट मात्र काढावंच लागतं.

थकलेल्या पैशांचंही तसंच. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे मिळायला हवेत, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने व्याज. या कायद्याखालच्या सुविधा परिषदेने दिलेल्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. इतकं धारदार हत्यार असून ते म्यानातच राहतं, कारण ‘पुढची ऑर्डर जाईल’. इथे कायद्याचं पान वाचून दाखवणारा वकील कामाचा नाही. वर्षभरात त्या एका कंपनीकडून किती धंदा येतो, दुसरी गिऱ्हाइकं किती, हे विचारून मग नोटीस द्यायची की नुसती व्याजाची डेबिट नोट जोडून पत्र पाठवायचं, हे ठरवणारा पाहिजे. व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे हे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावून सांगितलं ते ‘पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनिअर्स’ या खटल्यात. तातडीच्या मनाई हुकमाची गरज असेल तर सवलत, नाहीतर आधी मध्यस्थी. देशभरच्या व्यापारी कोर्टांत रोज घेतलं जाणारं हे नाव पुण्याच्या कंपनीचं आहे.

जमिनीच्या बाबतीत मुंबईचा वकील मावळात अडखळतो. सातबारा स्वच्छ दिसतो, पण फेरफार मागे नेत गेलं की कूळ निघतं, वतन निघतं, भोगवटादार वर्ग 2 निघतो. इंद्रायणीची पूररेषा, देहूरोडकडचा लष्करी रेड झोन, कुठे वनखात्याचा शेरा. आणि काही गोष्टी कुठल्याच उताऱ्यावर नसतात. पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले आणि योजना वर्षानुवर्षं अडकली. त्यानंतर इथे पाइप टाकणारा कोणताही प्रकल्प फक्त परवानग्यांवर उभा राहील असं सांगणारा सल्लागार गावात आलेलाच नाही, असं खुशाल समजावं.

उलट बाजूचं उदाहरण हडपसरचं. मगरपट्ट्यात सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी चारशेच्या आसपास एकर जमीन बिल्डरला न विकता स्वतःची कंपनी काढली. जमिनीच्या प्रमाणात शेअर. शेतकऱ्याला भागधारक करायचं म्हणजे वारसाहक्क, बहिणींचे हिस्से, शेअर बाहेरच्याला विकण्यावरची बंधनं हे सगळं गावकीच्या बैठकीत पटवून मग कागदावर आणायचं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या कॉर्पोरेट वकिलीचा अभ्यास करायचा तर नरिमन पॉइंटच्या आधी तिथून सुरुवात करावी.

मावळात मात्र अजून दोन भागीदारांचा एकच वकील असतो. ‘साहेब, घरातलंच आहे, कशाला एवढं लिहायचं?’ असं दोघं एकदम म्हणतात, आणि स्टॅम्पपेपरवर जुन्या फर्मचा मसुदा नावं बदलून उतरतो. 1932 च्या भागीदारी कायद्यात भागीदार वारला की, करारात वेगळं काही नसेल तर, फर्म संपते. भागीदार दोनच असतील तर करारात काहीही लिहिलं तरी संपते, कारण मागे एकटाच उरतो. बँकेचं खातं, जीएसटी, चालू पीओ सगळं त्याच दिवशी लटकतं. म्हणून दोन भावांचा कागद करायला बसलेला जाणता वकील तिसरं नाव विचारतो. बहुतेक वेळा ते थोरल्या वहिनींचं निघतं, आणि मग त्यांना नफ्यात किती आणि चेकवर सहीचा अधिकार द्यायचा की नाही, यावर मूळ कागदापेक्षा जास्त वेळ जातो.