आजारी भटका कुत्रा घरी आणल्यावर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

उपासमारीने खंगलेला कुत्रा घरी आणला की पहिली चूक बहुधा त्याच्या ताटलीत होते. दूध-पोळीचा काला, उरलेला भात, मटणाची हाडे, सारे एकदम त्याच्यापुढे ठेवले जाते. ‘उपाशी आहे, पोटभर खाऊ द्या’ हा विचार मायेचा असला तरी घातक आहे. बरेच दिवस अन्न न मिळालेले शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तगलेले असते. त्याला अचानक भरपेट भात-पोळी मिळाली की इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जाते. रक्तातली त्यांची पातळी घसरली की हृदयाची लय बिघडते, स्नायू लुळे पडतात आणि काही दिवसांत कुत्रा दगावू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी गरजेच्या साधारण पाव हिस्साच अन्न द्यावे, तेही चार-सहा वेळा थोडे थोडे, आणि पुढच्या काही दिवसांत हळूहळू वाढवावे. उकडलेले अंडे किंवा चिकन आणि थोडा मऊ भात पुरतो. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, त्यामुळे आधीच पाणी कमी झालेल्या शरीराला दुधाने जुलाब लागतात. कांदा-लसणाची फोडणी दिलेले वरण तर टाळावेच, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि भटक्या कुत्र्याचे रक्त बहुतेक वेळा आधीच कमी असते. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार काड्या होऊन त्या आतड्यात रुततात.

दुसरा गैरसमज अंगावरच्या केसांचा. केस झडलेला, कातडी जाड व काळी पडलेला कुत्रा दिसला की ‘लूत लागली’ असे म्हणून जळके ऑइल चोपडले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील गॅरेजच्या दारात हा ‘उपचार’ फुकट मिळतो. तेलाच्या थराखाली काही किडे गुदमरतात, एखाद्या कुत्र्याची खाज चार दिवस कमी होते आणि त्यावरच ही समजूत टिकून आहे. पण वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जड धातू आणि पेट्रोलजन्य विषारी द्रव्ये असतात. सोललेल्या कातडीतून ती आत शिरतात. उरलेली कुत्रा चाटून पोटात घेतो. यकृत आणि मूत्रपिंड त्यात निकामी होऊ शकतात. रॉकेलचेही तेच.

मुळात लूत हा एकच आजार नाही. सार्कोप्टिस नावाचा सूक्ष्म किडा कातडीत बोगदे करतो. कानाच्या कडा आणि पायांचे कोपर यांवर भयंकर खाज सुटते आणि माणसालाही काही दिवस पुरळ येते. माणसाच्या अंगावर हा किडा वंश वाढवू शकत नाही, त्यामुळे कुत्रा बरा झाला की घरच्यांचे पुरळही जाते. डेमोडेक्स हा दुसरा किडा केसांच्या मुळांशी राहतो. तो जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईकडून पिलाकडे येतो आणि प्रतिकारशक्ती ढासळली की वाढतो. तो माणसाला लागत नाही. तिसरे गजकर्ण, म्हणजे बुरशी, जी लहान मुलांना सहज लागते. तिन्ही वरून सारखी दिसतात. कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की फरक कळतो. किड्यांवर आज आयसोक्साझोलिन गटातील गोळ्या चांगल्या लागू पडतात. बुरशीवर त्यांचा काही उपयोग नाही. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिन इंजेक्शन अंदाजाने टोचणे धोक्याचे आहे. ते १ टक्क्याचे, मोठ्या वजनासाठी बनवलेले असते, आणि कोलीसारख्या मेंढपाळ जातींचा अंश असलेल्या कुत्र्यांच्या मेंदूत ते शिरून त्यांना झटके येतात.

केस झडले एवढ्यावरून कारण ठरवता येत नाही, हे बुलढाणा जिल्ह्याने अलीकडे पाहिले आहे. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव सर्वतोमुखी झाले, पाण्यावर संशय घेतला गेला. पुढे रक्त आणि केसांच्या तपासण्यांत सेलेनियमचे वाढलेले प्रमाण समोर आले. कुत्र्याच्या बाबतीतही नजरेने दिलेले नाव आणि काचपट्टीने दिलेले नाव अनेकदा वेगळे निघते.

गोचीड तापात हा फरक जीवघेणा ठरतो. ‘गोचीड काय, सगळ्याच कुत्र्यांना असतात’ हे वाक्य खरे आहे, पण गोचीड चावण्यातून दोन अगदी वेगळे आजार येतात. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत घुसतो आणि प्लेटलेट्स पाडतो; नाकातून रक्त येते, पोटावर लाल ठिपके दिसतात. बबेशिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, लघवी चहासारखी गडद होते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन सुमारे २८ दिवस द्यावे लागते. बबेशियाला वेगळी औषधे लागतात. बरेच जण पाचव्या दिवशी कुत्रा जेवायला लागला की गोळ्या थांबवतात, आणि काही महिन्यांनी तोच आजार अस्थिमज्जेला धरून परत येतो. तेव्हा तो आवरणे फार कठीण असते.

ताप आहे की नाही हेही लोक नाकावरून ठरवतात. नाक कोरडे म्हणजे ताप, ओले म्हणजे ठणठणीत, ही समजूत चुकीची आहे. झोपून उठलेल्या किंवा उन्हात बसलेल्या निरोगी कुत्र्याचे नाकही कोरडे असते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणून त्याचे अंग माणसाच्या हाताला कायमच गरम लागते. खरे उत्तर गुदद्वारात ठेवलेला साधा थर्मामीटर देतो. मलकापूर, नांदुरा, खामगावच्या एप्रिल-मे महिन्यांत हे मोजमाप अधिकच महत्त्वाचे, कारण तिथे ताप आणि उष्माघात यांत गल्लत सहज होते. उष्माघातात अंगावर साधे पाणी ओतून वारा घालायचा असतो. ताप उतरवण्यासाठी घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी देणे म्हणजे कुत्र्याचे यकृत, जठर आणि मूत्रपिंड पणाला लावणे होय. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे संपत आली, म्हणून जनावरांसाठी त्याचा वापर देशात २००६ मध्ये बंद करण्यात आला.

गोचीड काढण्यासाठी कपाशीवरचे फवारणीचे औषध पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालणे हा कापूस पिकवणाऱ्या भागातला सर्वांत वाईट प्रकार आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट कातडीतून शोषले जाते. तोंडातून लाळ, अंगाला थरथर, मग श्वास बंद. गाई-म्हशींचे गोचीडनाशकही मात्रा न पाहता कुत्र्याला लावू नये, कारण कुत्रा अंग चाटतो. शिवाय कुत्र्यावरील गोचीड मारून काम संपत नाही. रक्ताने टम्म फुगलेली मादी खाली पडून भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. जिथे कुत्रा झोपतो त्या कोपऱ्यातील भेगा बुजवल्या नाहीत तर महिन्याभरात पुन्हा तेच.

लघवीच्या जागेतून रक्त टपकणारी कुत्री ‘माजावर आली’ असे समजून सोडून दिली जाते. रक्त आठवडेच्या आठवडे थांबत नसेल आणि आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ दिसत असेल, तर तो संसर्गजन्य लैंगिक अर्बुद असू शकतो. या आजाराची गोष्ट विलक्षण आहे. त्यात विषाणू किंवा जिवाणू नसतो. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात तयार झालेल्या कर्करोगाच्या पेशीच समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे रुजत आजपर्यंत जगल्या आहेत. कर्करोग म्हटल्यावर लोक आशा सोडतात, पण भटक्या कुत्र्यांतील गंभीर आजारांपैकी हा सर्वांत सहज बरा होणाऱ्यांपैकी एक आहे. व्हिन्क्रिस्टिनचे आठवड्याला एक इंजेक्शन, बहुतेकांना चार ते सहा आठवडे, आणि गाठ विरघळून जाते. उपचार चालू असताना कुत्र्याची लघवी हातमोजे घालून साफ करावी. या आजारासाठी कुत्र्याला मारून टाकणे ही निव्वळ माहितीच्या अभावाने होणारी हत्या आहे.

मागचे पाय ओढत आलेला, अपघातातला कुत्राही असाच लवकर निकालात काढला जातो. कणा मोडला असे वाटते, पण अनेकदा कंबरेचे हाड मोडलेले असते, आणि लहान जागेत चार ते सहा आठवडे सक्तीची विश्रांती मिळाली तर अशी बरीच हाडे जुळून येतात. कणा दुखावला आहे का, हे पाहण्याची खूण पशुवैद्य वापरतात ती अशी: मागच्या बोटाला जोराने चिमटा घेतला असता पाय मागे ओढला जाणे पुरेसे नाही, ती नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते, कुत्रा मान वळवून पाहतो किंवा कण्हतो का, हे खरे. कायमचा अधू झाला तरी दिवसातून तीन-चार वेळा मूत्राशय दाबून रिकामे करणे आणि अंगाखाली मऊ गादी ठेवून कूस बदलणे जमणाऱ्या घरात तो वर्षानुवर्षे जगू शकतो.

रेबीजबाबत मात्र भीती कमी आणि चुका जास्त आहेत. ‘पिसाळलेला कुत्रा पाण्याला घाबरतो’ हे कुत्र्याला लागू नाही. पाण्याची भीती हे माणसातले लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाणी पिण्याचा प्रयत्नही करतो. मुक्या प्रकारात तो चवताळत नाही, जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असे समजून लोक तोंडात हात घालतात, आणि हा हात जीव घेऊ शकतो. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी; मिरची, चुना, हळद काहीही लावू नये. पोटात चौदा इंजेक्शने हा प्रकार देशात केव्हाच थांबला आहे. सरकारी दवाखान्यात दंडावर, त्वचेत, ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस मिळते. रक्त आलेल्या जखमेत प्रतिद्रव्येही भरावी लागतात. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचे, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. आणलेल्या कुत्र्याला लस टोचली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये: विषाणू आधीच अंगात असेल तर ती लस त्याला अडवत नाही.

‘गावठी कुत्र्याला लस लागत नाही’ हा शेवटचा गैरसमज. पार्व्होने रक्ताचे जुलाब होऊन मरणारी पिल्ले बहुतेक गावठीच असतात. हा विषाणू अंगणाच्या मातीत अनेक महिने टिकतो आणि फिनाइलला दाद देत नाही, म्हणून पिल्लू गेले त्या जागी लस न दिलेले दुसरे पिल्लू आणू नये. फरशी ब्लिचिंगच्या पाण्याने धुवावी. डिस्टेंपर हा दुसरा विषाणू तर कुत्र्यापुरता थांबत नाही. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये हाच विषाणू सापडला. बुलढाणा ते खामगाव हा बोथामार्गे जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे बिबटे आणि अस्वले आहेत, आणि २०१९ च्या अखेरीस टिपेश्वर अभयारण्याहून चालत आलेला वाघही तिथे पोहोचला होता. म्हणून जंगलाकडेच्या गावांतील घरी आणलेल्या प्रत्येक कुत्र्याला, ताप उतरल्यावर आणि जंतांचे औषध दिल्यावर, रेबीजबरोबर डिस्टेंपर-पार्व्होची लसही द्यावी. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना रक्ताची काचपट्टी करू शकत नसेल, तर अकोल्याच्या पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत कुत्र्याला घेऊन जावे.